शूरवीर आणि सुट्टे पैसे

पहिलं महायुद्ध संपलं आणि अमेरिकेतल्या कॉलेजांपुढे पेच पडला. लढाईत गेलेल्या आपल्या पोरांची स्मारकं तर करायला हवीत, पण पुतळे तरी किती उभे करायचे? आधीच्या यादवी युद्धातले सेनापती आणि शिपाई गावोगावच्या चौकांत कबुतरांना अंगाखांद्यावर खेळवत उभे होतेच. तेव्हा टूम निघाली, की स्मारक असावं तर उपयोगाचं असावं. आता, शिक्षणसंस्थेच्या सभेत ‘उपयोगाचं’ हा शब्द कुणी एकदा उच्चारला की पुढे काय होतं, हे उभी हयात शाळेत घालवलेल्या माझ्यासारखीला कुणी सांगायला नको. ज्याला जे आधीपासून हवं असतं, ते तो हुतात्म्यांच्या नावानं मागून घेतो. खेळाच्या मास्तरांना मैदान हवं होतं, त्यांनी मेमोरियल स्टेडियम बांधून घेतलं. पोरांना उनाडायला छप्पर हवं होतं, त्यांना मेमोरियल युनियन मिळालं. देणगीदारही खूश. नुसत्या मैदानासाठी जो खिसा शिवलेला असतो, तो शहिदांचं नाव काढलं की आपोआप उसवतो.

इलिनॉय विद्यापीठाच्या मेमोरियल स्टेडियमला खांबांच्या रांगा आहेत आणि त्या खांबांवर पहिल्या महायुद्धात गेलेल्यांची नावं आहेत. फुटबॉलचा सामना असला (तिकडच्या फुटबॉलमध्ये चेंडूला पाय फारसा लागत नाही, पण तो वेगळा विषय) की त्याच खांबांना टेकून लोक मोहरीचा सॉस हनुवटीवर ओघळवत सॉसेज-पाव खातात. बर्कलीचं कॅलिफोर्निया मेमोरियल स्टेडियमही त्याच काळातलं, १९२३ सालचं. ते चक्क हेवर्ड नावाच्या भूकंपाच्या भेगेवर बसवलंय. भेग मैदानाच्या या टोकाच्या गोलखांबांपासून जवळजवळ त्या टोकापर्यंत जाते आणि तिच्या दोन बाजू मुंगीच्या पावलांनी विरुद्ध दिशांना सरकतात. २०१२ मध्ये मोठी डागडुजी पुरी झाली तेव्हा इंजिनिअरांनी भेगेवरचे भाग बाकीच्या इमारतीपासून सुटेच करून टाकले. जमीन सरकली तर त्यांनीही सुखानं सरकावं. आपल्याकडे फूट पडते ती संस्थेच्या कार्यकारिणीत, आणि तिच्यासाठी अजून तरी कुठल्या इंजिनिअरला तोडगा सापडलेला नाही.

पण मला सांगायचंय ते एम्सबद्दल. आयोवा राज्यात मक्याच्या शेतांच्या मधोमध एम्स नावाचं गाव आहे आणि तिथे आयोवा स्टेट युनिव्हर्सिटी. माझी भाची तिथे संख्याशास्त्रात पीएच.डी. करते. संख्याशास्त्रवाल्यांचं एम्स म्हणजे पंढरपूर. १९३३ साली तिथे संख्याशास्त्राची प्रयोगशाळा निघाली, तेव्हा बाकीच्या बहुतेक विद्यापीठांत हा विषय गणिताच्या घरात आश्रित म्हणून राहत होता. सातारा जिल्ह्यातून निघून जगभर नाव काढलेल्या पां. वा. सुखात्म्यांचा नमुना-पाहणीवरचा ग्रंथ १९५४ साली छापला, तो याच कॉलेजच्या छापखान्याच्या नावानं. थोडक्यात, पुराव्याशिवाय कशावरही विश्वास ठेवायचा नाही, असं व्रत घेतलेल्या माणसांचं हे गाव.

या गावातलं मेमोरियल युनियन १९२८ साली उघडलं. इमारत भारदस्त. आत खाण्याची दुकानं, गाद्यागिरद्यांच्या खुर्च्यांत घोरणारी मुलं, तळघरात बोलिंगचा खेळ. आणि उत्तरेच्या दारातून आत शिरलं की ‘गोल्ड स्टार हॉल’. पहिल्या महायुद्धाच्या वेळी अमेरिकेत ज्या घरचा मुलगा सैन्यात असे त्या घराच्या खिडकीत निळ्या ताऱ्याचं निशाण लावत. मुलगा गेला की निळ्याच्या जागी सोनेरी तारा येई. नाव त्यावरून आलं. रंगीत काचांच्या खिडक्या, थंडगार दगडी भिंती आणि भिंतींवर कोरलेली नावं. पहिल्या युद्धातली, मग दुसऱ्यातली, मग कोरिया, व्हिएतनाम. भिंतीला जागा ठेवून अमेरिका पुढची युद्धं करत गेली.

मी आदरानं चप्पल काढावी की न काढावी या विचारात पाऊल पुढे टाकणार, तोच मागून भाची किंचाळली, “मावशी, पाय!”

मला वाटलं झुरळ. खाली बघते तर जमिनीत ब्राँझच्या बारा राशी. मेंढा, बैल, खेकडा, विंचू, सगळं यथासांग.

“यांच्यावर पाय द्यायचा नाही,” ती म्हणाली. “दिला तर पुढच्या परीक्षेत नापास.”

मी तिच्याकडे बघत राहिले. साडेसातीचं नाव काढलं तर आईच्या अंगावर धावून जाणारी ही मुलगी. लग्नाचं स्थळ आलं तेव्हा पत्रिका द्यायला हिनं साफ नकार दिला होता. म्हटलं, “अगं, तू संख्याशास्त्राची ना? याला काही पुरावा?”

“पुरावा गोळा करायचा तर कुणीतरी पाय द्यायला हवा. कुणी देतच नाही. मग तुलना कशाशी करणार?”

“तू दे.”

“मावशी, नमुना मोठा लागतो. मी एकटी नमुना होऊन कुणाचं भलं होणार आहे?”

आम्ही बाजूच्या बाकावर बसलो आणि मी तासभर पाहणी केली. (सुखात्म्यांचा पाहणीवरचा ग्रंथ निघाला त्याच गावात मी पाहणी करतेय, या विचारानं ताठच बसले.) दार उघडायचं, बोचरं वारं आत यायचं, आणि त्याबरोबर फोनमध्ये तोंड घातलेला मुलगा. राशींपाशी आला की नजर वर न करता तो लीलया अर्धी प्रदक्षिणा घालून पुढे जायचा. मुली, प्राध्यापक, खोक्यांची ढकलगाडी घेतलेला माणूस, सगळे वळसा घालत होते. गाडीवाल्याला कसली आलीये परीक्षा? पण नियम म्हणजे नियम.

मूळ गंमत पुढेच आहे. इमारतीच्या आर्किटेक्टनं या राशी मुद्दाम जमिनीपासून थोड्या उंच ठेवल्या होत्या. येणाऱ्याजाणाऱ्या पिढ्यांच्या पावलांनी त्या हळूहळू झिजाव्यात आणि एक दिवस फरशीच्या पातळीला याव्यात, अशी त्याची कल्पना होती. बिचाऱ्यानं दगडाचा हिशोब केला, धातूचा केला, बुटांच्या तळव्यांचाही केला असेल; परीक्षेचा करायचा राहिला. झाली आता शंभरेक वर्षं, राशी जिथल्या तिथे मान वर काढून आहेत. झिजली असेल तर त्यांच्या कडेची जमीन.

आणि या सगळ्यात भिंतीवरची नावं? ती कोण बघणार? दालनातून जाणारा प्रत्येक जण पाय कुठे पडतोय हे बघण्यात गुंतलेला. मात्र बाकावरून बघणाऱ्याला वेगळंच दिसतं. आयोवातली धट्टीकट्टी, मस्तीखोर पोरं दारातून आत येतात आणि हुतात्म्यांच्या नावांसमोर क्षणभर थबकून, मान खाली घालून, अंग चोरून पुढे जातात. असं दृश्य मी आमच्या शाळेत पंधरा ऑगस्टला झेंडावंदनाच्या वेळी छडी हातात घेऊनही घडवू शकले नव्हते.

शापाला उताराही आहे. चुकून पाय पडलाच तर धावत उत्तरेच्या दारासमोरच्या कारंज्यापाशी जायचं आणि पाण्यात नाणं टाकायचं. हे कारंजं ख्रिश्चन पीटरसन या शिल्पकाराचं. चार बाजूंना चार आदिवासी स्त्रिया, चार ऋतूंच्या. त्यांचा परीक्षा खात्याशी कधी संबंध आला नसावा, पण पद त्यांच्याकडे चालत आलं. म्हणजे बघा: आधी राशी, मग ग्रहदोष, मग जलाशयात दक्षिणा. आपल्या लोकांना वाटतं मुलं अमेरिकेला जाऊन संस्कार विसरतात. आमची भाची सातासमुद्रापार जाऊन थेट त्र्यंबकेश्वरी पोचली होती.

मला मात्र आता कुठलीच परीक्षा नव्हती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या घेतल्या. शिवाय आपली रास धरतात चंद्रावरून आणि यांची सूर्यावरून, तेव्हा यांचा शाप आपल्या पत्रिकेला लागूच होत नाही, असा तांत्रिक मुद्दाही माझ्याकडे होता. मी पदर खोचला आणि सिंहाच्या पाठीवर जाऊन उभी राहिले. सोफ्यावर झोपलेला एक मुलगा उठून बसला. दोन मुली फोन काढू लागल्या. भाचीनं मला दंडाला धरून बाहेर काढलं आणि पर्समधून पंचवीस सेंटचं नाणं काढून माझ्या हातात ठेवलं. “टाक.”

“अगं, पण मला कुठे पेपर आहे?”

“मला आहे. आणि तू माझ्या घरी राहतेस.”

नाणं टाकलं. पेपर चांगला गेला, असं तिनं नंतर कळवलं. एका उदाहरणावरून निष्कर्ष काढू नये, हेही त्याच संदेशात होतं.

त्या दालनाबद्दल आणखी एक सांगतात. पहिल्या महायुद्धाच्या यादीत सगळे पुरुष आणि एकच बाई आहे, हॉर्टेन्स. तिचं भूत म्हणे अजून तिथे फिरतं. मुलांच्या मते कारण असं, की एवढ्या पुरुषांत एकटीला करमत नाही. पुरुषांनी गच्च भरलेल्या शिक्षकखोलीत मी एकटी बाई म्हणून काही वर्षं काढली आहेत. त्या अनुभवावरून सांगते, भूत व्हायचं कारण एकटेपणा नसणार. कुणीतरी चहा करायला सांगितला असेल.

हसता हसता एक खटकलं ते लिहून टाकते. त्याच महायुद्धात आमच्या सातारा जिल्ह्यातल्या गावांमधूनही माणसं गेली. इंग्रज सरकारनं त्यातल्या बऱ्याच गावांना दगडी पाट्या दिल्या. पाटीवर काय, तर या गावातून इतके गेले, पैकी इतके मेले. नावं नाहीत, नुसता आकडा. एम्सला निदान नावांना वळसा घालून जाता येतं.

आता आमच्यासारख्यांचं अमेरिकेतलं पर्यटन. ते नकाशावरून ठरत नाही, नातेवाइकांवरून ठरतं. लोक ग्रँड कॅनियन बघतात. आम्ही जिथे कुणाचा मुलगा, कुणाची सून, कुणाचा आतेभाऊ, तिथलं विद्यापीठ बघतो. तेव्हा आयोवानंतर टेक्सस.

टेक्सस ए अँड एम हे मुळात लष्करी शिस्तीचं कॉलेज. तिथलं मेमोरियल स्टुडंट सेंटर युद्धात गेलेल्या माजी विद्यार्थ्यांच्या नावे आहे आणि दोन नियम कडक: आत डोक्यावर टोपी ठेवायची नाही आणि भोवतालच्या हिरवळीवर पाय ठेवायचा नाही, कारण हिरवळही स्मारकातच मोडते. टोपी घालून कुणी शिरला तर कोणीही अनोळखी विद्यार्थी पुढे येतो आणि अतिशय नम्रपणे ती काढायला लावतो. आमचे व्याही काकासाहेब बरोबर होते. ते देवापुढे बसताना टोपी शोधणाऱ्यांतले. बोडक्या डोक्यानं नमस्कार करणं त्यांच्या लेखी अर्धी नास्तिकता. तर “हुतात्म्यांचं स्मारक आहे” असं कळताच त्यांनी खिशातून टोपी काढून डोक्यावर चढवली, आणि “हुतात्म्यांचं स्मारक आहे” असंच सांगत एक उंचापुरा पोरगा ती काढा म्हणून त्यांच्यापुढे येऊन अदबीनं उभा राहिला. दोघांच्याही चेहऱ्यावर एकच भाव होता: इतका मोठा माणूस आणि एवढंही कळू नये?

तिथल्याच आवारात लॉरेन्स सलिव्हन रॉस यांचा पुतळा आहे. यादवी युद्धात दक्षिणेकडून, म्हणजे गुलामगिरी राखू बघणाऱ्यांच्या बाजूनं, सेनापती. पुढे टेक्ससचे गव्हर्नर. मग या कॉलेजचे अध्यक्ष. २०२० साली पुतळा हलवा अशी जोरदार मागणी झाली, तितक्याच जोरानं विरोध झाला, आणि पुतळा राहिला. पण परीक्षेच्या दिवसांत दोन्ही पक्ष मिळून त्याच्या पायाशी पेन्या ठेवतात. पेनी म्हणजे एक सेंट, आपल्या जुन्या एक पैशाच्या जवळपासची लायकी. दंतकथा अशी, की रॉससाहेब पोरांना अभ्यासात मदत करत आणि मोबदला विचारला तर एक पेनी द्या म्हणत. एका सेंटात शिकवणी! आपल्याकडच्या क्लासवाल्यांनी हे ऐकलं तर ते पहिल्यांदा पुतळा हलवायच्या बाजूनं उभे राहतील. शिवाय आता वेगळंच संकट आहे. अमेरिकन सरकारनं २०२५ च्या नोव्हेंबरात चलनासाठी पेनी पाडणं थांबवलं, कारण एक पेनी पाडायला एका पेनीपेक्षा किती तरी जास्त खर्च यायचा. म्हणजे जुन्या पेन्या संपत आल्या की रॉससाहेबांना आपसूक पगारवाढ. एकदम पाच सेंट.

बॉस्टनला आतेभाऊ. त्यानं हार्वर्डचं मेमोरियल हॉल दाखवलं. बाहेरून चर्च वाटतं, आतून आणखीच चर्च वाटतं, पण आहे ते नाट्यगृह आणि जेवणघर. मधल्या उंच दालनात संगमरवरी पाट्यांवर यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूनं लढून मेलेल्या १३६ हार्वर्डवाल्यांची नावं. दक्षिणेकडून मेलेलेही हार्वर्डचे होते, त्यांना जागा नाही. त्या नावांमधून वाट काढत पहिल्या वर्षाची मुलं रोज तीन वेळा जेवायला जातात. आम्हाला जेवणघरात प्रवेश नव्हता. दारातून रंगीत काचा आणि नूडल्सचा वास एवढंच प्राप्त झालं.

जवळच मेमोरियल चर्च आहे, १९३२ चं, पहिल्या महायुद्धात गेलेल्यांसाठी. तिथे हार्वर्डनं जरा मन मोठं केलं. जर्मनीकडून लढून मेलेल्या आपल्या विद्यार्थ्यांसाठी वेगळी पाटी लावली, आणि ती लॅटिनमध्ये. ज्यांना राग येण्याची शक्यता त्यांना वाचता येऊ नये, ही युक्ती मला फार आवडली. संस्थेच्या इतिवृत्तांसाठी संस्कृतचा असा उपयोग आपण का केला नाही कोण जाणे. दुसऱ्या महायुद्धाच्या यादीत मात्र एक जर्मन नाव इतरांच्या बरोबरीनं आहे, ॲडॉल्फ सान्वाल्ड. हा धर्मोपदेशक, नाझींच्या विरोधात बोललेला, तरी सैन्यात ओढला गेला आणि मेला. नाव यादीत घेतलं, आणि पुढे शेरा मारला: शत्रुपक्षाचा मृत. हजेरीपटावर असे शेरे मीही मारले आहेत. ‘दाखला घेऊन गेला.’ ‘फी बाकी.’ विद्यार्थी कुठेही जाऊन मरो, संस्थेचं मस्टर बिनचूक पाहिजे.

येल विद्यापीठानं हा घोळ १९१५ सालीच मिटवला होता. त्यांच्या मेमोरियल हॉलमध्ये यादवी युद्धातल्या दोन्ही बाजूंचे मृत एकाच भिंतीवर एकत्र नांदतात. जेवणघराची वाट अर्थात त्यांच्याही मधूनच जाते.

येलमध्ये मला खरा भावला तो नेथन हेल. १७७३ साली इथून पदवी घेतली, मग शाळेत मास्तर झाला. तेव्हाच मला तो आपला वाटला. स्वातंत्र्ययुद्ध सुरू झाल्यावर सैन्यात गेला आणि हेरगिरीला माणूस हवा म्हटल्यावर यानं हात वर केला. मास्तरला हेर म्हणून पाठवलं की काय होणार? लपवाछपवी पकडण्याचा अनुभव दांडगा, करण्याचा शून्य. पहिल्याच कामगिरीत सापडला आणि १७७६ च्या सप्टेंबरात इंग्रजांनी न्यूयॉर्कला फाशी दिलं. वय २१. तो दिसायला कसा होता हे दाखवणारं खात्रीचं चित्रही मागे राहिलं नाही, म्हणून शिल्पकारानं मनानंच एक देखणा पोरगा घडवला. तो आता, जिथे हेल विद्यार्थी म्हणून राहायचा त्या जुन्या इमारतीसमोर, हातपाय बांधलेल्या अवस्थेत उभा आहे.

या पुतळ्याची प्रतिकृती कुठे असावी? व्हर्जिनियातल्या सीआयएच्या मुख्यालयात. अमेरिकेच्या बड्या हेरखात्यानं दारात बसवायला दैवत निवडलं ते पहिल्याच पेपरला पकडलेलं. आणि सांगतात असं, की परदेशी मोहिमेवर निघालेले हेर जाण्याआधी त्याच्या पायाशी नाणी ठेवतात; शकुनाची रक्कम ७६ सेंट, १७७६ म्हणून. मी हे भाचीला फोनवर सांगितलं. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, “पण मावशी, जे सुखरूप परत येत नाहीत ते नाणं ठेवलं होतं की नव्हतं हे सांगायला येतच नाहीत. आकडेवारी एकतर्फी होणार.”

प्रत्यक्ष जाऊन पडताळावं असं मनात होतं. पण ती इमारत बाहेरच्यांना दाखवत नाहीत, आणि तिथे आमचा कुणी नातेवाईकही नाही. निदान असलाच, तर त्यानं तसं सांगितलेलं नाही. माझा एक मावसभाऊ व्हर्जिनियात आहे. नोकरी काय करतो विचारलं की “कॉम्प्युटरचं काहीतरी” म्हणतो आणि कधी गेलं तरी त्याच्याकडे सुट्टे पैसे नसतात.